धक्का सरकारचा, पण बंदर गावाचे

(शापोरा नदीकाठच्या शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. — संपादक)



नारळी पौर्णिमा होऊन गेली. होड्या पाण्यात उतरल्या, जाळी भिजली. शेतात बेणणीची कामे चालू आहेत. अशा दिवसांत तुम्ही वेळ काढून इथे आलात, तेव्हा मी पाल्हाळ लावणार नाही. विषय एकच आहे : आपल्या गावचे बंदर कोणी आखायचे आणि कोणी सांभाळायचे?

बंदर म्हटले की डोळ्यांसमोर सिमेंटचा धक्का उभा राहतो. पुढारी येतात, नारळ फुटतो, कोनशिला बसते, आणि बंदर झाले असे आपण समजतो. पण घराला जसा उंबरठा तसा बंदराला धक्का. उंबरठा म्हणजे काही घर नव्हे. नदीचे मुख, मुखातला वाळूचा दांडा, होडी ज्या खोल वाटेने आत येते ती वाट, होड्या ओढून ठेवण्याची पुळण, जाळी शिवण्याची सावली, मासळी सुकवण्याची जागा, बर्फ, गोडे पाणी, लिलावाची जागा, बाजाराकडे जाणारी पायवाट आणि नदीच्या दोन्ही काठांवरचे खाजनांचे बांध, हे सगळे मिळून बंदर होते.

तुम्ही विचाराल, बांधाचा इथे काय संबंध? बांध शेतकऱ्याचा, बंदर मच्छीमाराचे. आज मला नेमके हेच सांगायचे आहे की हा भेद आपण केलेला आहे, पाण्याला तो ठाऊक नाही. एकाच भरतीने तुमची होडी आत येते आणि त्याच भरतीचे पाणी बांधाला टक्कर देते.

बंदरे कशाने मरतात?

आपल्या गोव्यात बंदरे जन्मली तशी मेलीही. ११व्या शतकात कदंबांनी आपली राजधानी चांदरहून जुवारीच्या काठी गोपकपट्टणाला नेली. आजच्या गोवा-वेल्हा आणि आगशीचा तो भाग. जुन्या धक्क्याच्या चिऱ्यांचे अवशेष तिथे आजही आहेत. परचक्रे आली, नदीत गाळ साठत गेला, आणि व्यापार मांडवीच्या काठी, ज्याला आपण जुने गोवे म्हणतो तिथे सरकला. पोर्तुगीजांच्या अमलात ते शहर भरभराटीला आले, पण दाटीवाटीची वस्ती आणि घाण पाणी यांनी त्याला पोखरले. १५४३ साली तिथे कॉलऱ्याची भयंकर साथ आली. पुढे साथींमागून साथी येत राहिल्या, लोक उठून गेले, आणि १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला.

म्हणजे बंदराला मरण येते ते दोन वाटांनी, एक गाळाची आणि दुसरी घाणीची. तोफा-तलवारींनी जे झाले नाही ते या दोघांनी केले. हे दोन्ही शत्रू आजही आपल्या दारात आहेत.

वाळूचा हिशोब

पहिला शत्रू गाळ. वाळू एका जागी बसत नाही, हे मी तुम्हांला सांगायला नको. पावसाळ्यात लाटा पुळण खरवडून वाळू आत समुद्रात नेतात, आणि दर्या शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. नदी वरून माती आणते ती वेगळीच. या येण्याजाण्यातून मुखाशी दांडा तयार होतो. मांडवीच्या मुखातल्या आग्वादच्या दांड्याने तर पावसाळ्यात मोठी वाहतूकच बंद पडे, आणि खनिजाच्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात.

अशा ठिकाणी माणसाने समुद्रात भिंत घातली की वाळूचा हिशोब बदलतो. मद्रासचे उदाहरण घ्या. १८७० च्या दशकात तिथे कृत्रिम बंदरासाठी समुद्रात भिंती घालायला सुरुवात झाली. त्या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. भिंतीने ती अडवली. दक्षिणेला वाळू साठून मरीनाची पुळण रुंद झाली आणि तिथे लोक फिरायला जाऊ लागले. उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला वाळू पोचेनाशी झाली आणि समुद्र मच्छीमारांच्या वस्त्या खात सुटला. एकाची पुळण वाढली ती दुसऱ्याच्या घरावर. अगदी अलीकडे केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मुदलप्पोळी इथे मासेमारी बंदरासाठी मुखाच्या दोन्ही बाजूंना भिंती घातल्या. मुख गाळाने भरत राहिले, लाटा तिथेच फुटू लागल्या, आणि बंदरात शिरताना होड्या उलटून अनेक मच्छीमार दगावले. ज्या बंदराने निवारा द्यायचा तेच घातकी ठरले.

भिंतच कशाला, एखादी वस्तू किनाऱ्यावर अडकून पडली तरी पुरे. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज रुतले. ते पुरते हलवायला २०१२ साल उजाडले. तेवढ्या वर्षांत त्या पुळणीची काय दशा झाली, हे बार्देशकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता आपली नदी पाहा. ती महाराष्ट्रात तिलारी म्हणून निघते, दोडामार्गातून आपल्या पेडण्यात उतरते आणि शापोरा म्हणून समुद्राला मिळते. वर धरण आहे, मध्ये रेतीचा उपसा आहे, खाली मुखात दांडा आहे. पात्रातली रेती बेसुमार उपसली की काठ ढासळतात. काठ ढासळले की बांधाचा पाया उघडा पडतो, आणि ढासळलेली माती ओहोटीबरोबर खाली येऊन होडीच्या वाटेत बसते. म्हणजे रेती जाते एकाची, बांध फुटतो दुसऱ्याचा आणि होडी रुतते तिसऱ्याची. बेकायदा रेती-उपशाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला तो उगीच नव्हे.

घाणीचा हिशोब

दुसरा शत्रू घाण. २०२४ च्या पावसाळ्यात साळ नदीवरच्या कुटबण जेटीवर ट्रॉलरवरील खलाशांमध्ये कॉलरा पसरला आणि त्यात काही जणांचे प्राण गेले. ही माणसे बहुतेक परराज्यांतली. होडीवरच राहायची, होडीवरच जेवायची. पिण्याला धड पाणी नाही, शौचाला पुरेशी सोय नाही. जुन्या गोव्यात १५४३ साली जे घडले तेच २०२४ साली आपल्या जेटीवर घडावे, ही लाजेची गोष्ट आहे. धक्का बांधला, बर्फ आला, डिझेल आले, आणि माणसाला लागणारी पहिली गोष्ट, घोटभर स्वच्छ पाणी, तेवढी राहून गेली!

ही घाण जेटीपुरती राहत नाही. भरतीबरोबर ती नदीत वर चढते. तीच तिसऱ्यांत आणि कालवांत जाते, तीच मानसातून खाजनात शिरते. जेटीवर सांडलेले डिझेल कोणाच्या तरी भाताला लागते.

बांध कसा सांभाळला जात होता

मग हे सांभाळायचे कोणी? याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. आपल्या खाजनाच्या बांधावर चला.

माती, चिरे, गवत आणि बांबू यांचा तो बांध. त्यात मानस, आणि मानसाला लाकडी दारे. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडते. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. पण त्याला माणूस लागतो. दार कुजले का, खेकड्याने बांधाला भोक पाडले का, हे रोज पाहणारा माणूस.

गावकारीने ही व्यवस्था शेकडो वर्षे चालवली. मानसातल्या मासळीची पावणी होई आणि तिच्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई. ही गोष्ट मनात ठेवा : भाताचे रक्षण मासळीच्या पैशाने होत होते. शेतकरी आणि मच्छीमार यांचे नाते आपल्या पूर्वजांनी हिशोबाच्या वहीतच बांधून ठेवले होते.

मी जुन्या गावकारीचे गोडवे गाण्यासाठी आलेलो नाही. त्या बैठकीत मुंडकाराला बोलता येत नव्हते, होडीवाल्या गाबीत-खारव्याला कोणी विचारत नव्हते, आणि बाईमाणसाला तर जागाच नव्हती. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बांध सांभाळण्याची जुनी घडी मोडली आणि कुळांच्या संघांची नवी घडी अनेक ठिकाणी नीट बसली नाही. मानस ठेक्याने गेले. ठेकेदाराला मासळी हवी, म्हणून दारे उघडी राहू लागली, खारे पाणी शेतात शिरले, कोरगुटाची शेते पडीक पडली. पडीक शेतात खारफुटी उगवली. बांधाबाहेरची खारफुटी बांधाला ढाल आहे, मासळीच्या पिल्लांचे ती घर आहे. पण आत शेतात ती वाढली की कायद्याने तोडता येत नाही, आणि भातही पिकत नाही.

यातून घ्यायचा धडा असा : रोजची राखण, ठरलेली वर्गणी आणि सर्वांसमोर मांडलेला हिशोब, या तीन गोष्टी असल्या तर मातीचा बांधही शतके टिकतो. नसल्या तर सिमेंटचा धक्काही दहा वर्षांत मोडकळीस येतो.

नकाशात नाही ते जमिनीवर राहत नाही

आता कायद्याकडे येऊ. किनाऱ्याचे नियमन करणारी पहिली केंद्रीय अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची. तिची जागा २०११ च्या अधिसूचनेने घेतली, आणि नंतर २०१९ ची आली. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळे कलम होते. सरकारने मच्छीमार गावे अधिसूचित करावीत, आणि तिथे होड्या दुरुस्तीच्या जागा, जाळी शिवण्याच्या जागा, बर्फाचे कारखाने, लिलावगृह, जेटी यांना ग्रामपंचायतीने परवानगी द्यावी, असे त्यात होते. खाजनांचे नकाशे करावेत, वाळूच्या टेकड्यांना हात लावू नये, मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या कासवांच्या जागा राखाव्यात, हेही होते. किनारी आराखड्यात मच्छीमारांच्या सामाईक जागा दाखवाव्यात असेही म्हटले होते.

पण २०२१ साली आराखड्यावर जनसुनावण्या झाल्या तेव्हा लोकांची ओरड कशाबद्दल होती? आमचे बांध दाखवलेले नाहीत, आमचे मानस दाखवलेले नाहीत, आमचे मच्छीमारांचे वाडे दाखवलेले नाहीत! २०१९ च्या अधिसूचनेने तर काही मर्यादा आणखी आखडल्या. भरतीचे पाणी येणाऱ्या नदीकाठी नियंत्रणाचा पट्टा पूर्वी १०० मीटर होता, तो ५० मीटर ठेवला. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० वर आणला. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पेडण्यातल्या एकेका वितीला काय भाव आला आहे ते तुम्ही जाणता. पाण्याशेजारची जी जागा तुम्हांला मासळी सुकवायला लागते, तीच परक्याला हॉटेलासाठी हवी आहे. तिच्यावर तुमचा वापर आहे याची कागदावर नोंद नसेल, तर उद्या ती ‘रिकामी जागा’ ठरेल.

शिवाय २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी, कुंभारजुवे कालवा, म्हापशाची नदी, साळ आणि आपली शापोरा राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत गेली. उद्या मोठी जहाजे या पाण्यातून फिरली तर त्यांच्या लाटा बांधांवर आपटणार. मांडवी-जुवारीकाठच्या शेतकऱ्यांनी बार्जेसच्या लाटांबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. तो अनुभव आपण विसरता कामा नये.

करायचे काय?

गाऱ्हाणी पुष्कळ झाली. आता कामे सांगतो.

पहिले काम नकाशाचे. कोणा तज्ज्ञाची वाट पाहू नका. गावातले दोन जुने तांडेल, दोन शेतकरी, दोन मासळी विकणाऱ्या बायका आणि शाळेत शिकणारी चार मुले घ्या. अमावस्येच्या ओहोटीला काठाने चाला. होड्या कुठे लागतात, रापण कुठे ओढतात, मासळी कुठे सुकते, तिसऱ्या-कालवे कुठे मिळतात, पायवाट कोणाच्या कुंपणाजवळून जाते, गोड्या पाण्याची विहीर कुठे, बांध कुठून कुठवर, मानस किती, हे सगळे टिपा. होडीच्या वाटेची खोली खुणा केलेल्या बांबूने मोजा. हेच काम पावसाळ्यानंतर, पौष महिन्यात आणि वैशाखात असे वर्षातून तीनदा करा, म्हणजे दांडा कुठून कुठे सरकतो ते कागदावर येईल. तो नकाशा ग्रामसभेत ठराव करून मंजूर करा. पंचायतीला, मत्स्योद्योग खात्याला आणि किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोच नसलेला कागद म्हणजे खाऱ्या शेतात पेरलेले बियाणे.

दुसरे काम बंदर समितीचे. तीत ट्रॉलरवाले हवेत, लहान होडीवाले हवेत, रापणकार हवेत, खाजनातले शेतकरी हवेत, आणि मासळी विकणाऱ्या भगिनी तर हव्यातच. लिलावाच्या जागेवर छप्पर नसेल तर उन्हात बसते ती बाई, मालक नव्हे.

तिसरे काम वहीचे. समजा, एका धक्क्यावर ४० होड्या लागतात. प्रत्येक होडीने दर फेरीला १० रुपये दिले आणि हंगामात २०० फेऱ्या झाल्या, तर ८०,००० रुपये जमतात. एवढ्याने नदीचा गाळ उपसून होणार नाही, ते सरकारचेच काम. पण झाडूवाला, पाण्याची टाकी, दिवे, शौचालयाची देखभाल, सांडलेले तेल गोळा करायची पिंपे, हे भागेल. दर महिन्याला हिशोब धक्क्यावरच फळ्यावर लिहा.

चौथे काम प्रश्न विचारण्याचे. उद्या भिंत घालायची, धक्का वाढवायचा, पर्यटकांच्या नौकांसाठी जागा करायची अशी योजना आली, तर विरोधही नको आणि जयजयकारही नको. तीन प्रश्न विचारा. अडलेली वाळू कुठे जाईल? लहान होडी कुठे उभी राहील? आणि दर वर्षी गाळ उपसायचा खर्च कोण करील? तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत ठराव करू नका.

दोन शंका

कोणी म्हणेल, धक्का सरकारने बांधला, सरकारच पाहील. बांधो. खर्चही करो, तो आपल्याच करातून होतो. पण सरकारी अधिकारी तीन वर्षांनी बदलतो, नदी तिथेच असते आणि तुम्हीही तिथेच असता. राखण करायची ती राहणाऱ्यानेच.

दुसरी शंका अधिक खरी आहे. ट्रॉलरवाला आणि रापणकार एका बैठकीत बसणार कसे? यांचे वैर जुने आहे, आणि त्याला कारणही आहे. १९७० च्या दशकात रापणकारांनी मोठा लढा दिला. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. गरीब माणसांनी एकजुटीने कायदा करायला लावला, ही लहान गोष्ट नव्हे. पण कायदा झाला म्हणजे राखण झाली असे नाही, हेही गेल्या चाळीस वर्षांनी शिकवले. म्हणून समितीत बसायचे ते वैर विसरण्यासाठी नव्हे. ५ किलोमीटरच्या आत कोण आले, मानसाचे दार कोणी उघडे ठेवले, नदीत तेल कोणी सोडले, हे तोंडावर विचारता यावे म्हणून बसायचे. एकमेकांच्या पाठीमागे केलेली तक्रार वाऱ्यावर जाते. वहीत लिहिलेली तक्रार टिकते.

बंधूंनो, भगिनींनो, गोपकपट्टण मेले तेव्हा तिथल्या लोकांना वाळूचा आणि पाण्याचा हिशोब सांगणारे कोणी नव्हते. तुम्हांला तो ठाऊक आहे, तुमच्या तांडेलांच्या डोक्यात तो पाठ आहे. तो कागदावर आणा, एवढेच माझे मागणे आहे. येत्या अमावस्येला ओहोटीच्या वेळी पहिली फेरी काढू या. शेतकऱ्यांनी बांधावरून यावे, मच्छीमारांनी पुळणीवरून, आणि मानसापाशी दोघांनी भेटावे.